येशूच्या जागी बाहुली: ब्रिटनच्या 1994 च्या नाताळ तिकिटांचं प्रकरण

1 नोव्हेंबर 1994 रोजी ब्रिटनच्या रॉयल मेलनं त्या वर्षीची नाताळची तिकिटं विक्रीला काढली. पाच तिकिटांचा संच. 19 पेन्सच्या तिकिटावर मेरी आणि जोसेफ, 25 वर तीन राजे, 30 वर बाहुली घेतलेली मेरी, 35 वर मेंढपाळ आणि 41 वर देवदूत. हे सगळे शाळेतल्या नाटकातले, म्हणजे मेरी ही मेरीच्या वेशातली मुलगी, राजे हे राजांच्या वेशातली पोरं. चित्रं काढली होती यव्हॉन गिल्बर्ट यांनी.

संग्राहकांच्या बाजारात या संचाला फारसा भाव नाही, कधी येईल असंही वाटत नाही. छपाई भरपूर झाली, विकलाही भरपूर गेला. अल्बममध्ये तो रॉबिन पक्ष्यांच्या 1995 च्या संचाशेजारी बसतो आणि बघणाऱ्याची नजर रॉबिनवर जाते. तरीही सरकारी टपालखातं धार्मिक सण कसा छापतं हे समजून घ्यायचं असेल तर मी सगळ्यात आधी हा संच उघडेन. एका जुन्या आणि अवघड प्रश्नावर इथे फार हुशार तोड निघाली होती. ती पुन्हा फारशी वापरली गेली नाही, याचं नवल वाटतं.

प्रश्न काय होता

ब्रिटनमध्ये नाताळची खास तिकिटं 1966 सालापर्यंत नव्हतीच. त्या वेळी पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपालखात्याचे मंत्री असलेल्या टोनी बेन यांनी मुलांची चित्रस्पर्धा जाहीर केली, सुमारे 5,000 चित्रं आली आणि त्यातली दोन निवडली गेली. 1 डिसेंबर 1966 ला तिकिटं आली तोवर बेन त्या खात्यातून बाहेर पडले होते. तीन पेनीच्या तिकिटावर पूर्वेचा राजा, एक शिलिंग सहा पेन्सच्या तिकिटावर बर्फाचा माणूस. दोन्ही चित्रकार सहा-सहा वर्षांचे.

राजा काढणारी मुलगी होती तस्वीर शेम्झा. तिचे वडील अन्वर जलाल शेम्झा शिमल्यात जन्मलेले, लाहोरमध्ये नाव कमावलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले चित्रकार. म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या नाताळ तिकिटावरचा पूर्वेचा राजा खरोखरच पूर्वेकडून आलेल्या घरातून आला. (याच तिकिटाच्या काही नगांवर चित्रकर्तीच्या आद्याक्षरांतला ‘टी’ छपाईत गळला आहे. संग्राहक आजही भिंग घेऊन तो शोधतात.)

या जोडीतच पुढच्या सगळ्या वर्षांची अडचण दिसते. राजा बायबलच्या गोष्टीतला आणि बर्फाचा माणूस अंगणातला. नाताळ म्हणजे ख्रिस्तजन्म म्हणावं, तर ज्यांच्या घरी त्या दिवशी झाड, भेटी आणि भरगच्च जेवण असतं पण चर्च नसतं, त्यांना ते आपलं वाटत नाही. नाताळ म्हणजे सांता आणि बर्फ म्हणावं, तर पाळक मंडळी विचारतात की ज्याचा वाढदिवस तो कुठे आहे? बरं, इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड हे अधिकृत चर्च. प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यात ज्या राणीचं मस्तक छापलेलं असायचं ती त्या चर्चची सर्वोच्च गव्हर्नर. त्यामुळे धर्माशी आमचा संबंध नाही असं म्हणून टपालखात्याला हात झटकता येत नव्हते.

रॉयल मेलनं यावर पाळीचा मार्ग काढला. एक वर्ष देवाचं, एक वर्ष लोकांचं, अशी ढोबळ वाटणी. ती काटेकोर कधीच नव्हती, पण यादी डोळ्यांखालून घातली की अंदाज येतो. 1982 मध्ये नाताळची गाणी, 1983 मध्ये पक्षी, 1984 मध्ये ख्रिस्तजन्म, 1985 मध्ये पँटोमाइम. 1991 ला हस्तलिखितांतली चित्रं, 1992 ला चर्चच्या रंगीत काचा, 1993 ला डिकन्सच्या नाताळकथेतली पात्रं, क्वेंटिन ब्लेकच्या वेड्यावाकड्या रेषेत. मग 1994 आणि पुढच्या वर्षी रॉबिन.

पाळी लावली की भांडण मिटत नाही, फक्त दर वर्षी पक्ष बदलतो. कुणाची तरी तक्रार ठरलेली. 1994 च्या संचात असा विषय निवडला गेला की दोन्ही पक्षांना एकाच लिफाफ्यावर जागा मिळाली.

चित्रकर्ती तीच, गोष्ट तीच

इथे 1984 चा संच काढून 1994 च्या शेजारी ठेवावा, कारण चित्रकर्ती एकच आहे. 1984 च्या नोव्हेंबरमध्ये गिल्बर्ट यांनीच नाताळची पाच तिकिटं केली होती: पवित्र कुटुंब, बेथलेहेमला आगमन, मेंढपाळ आणि कोकरू, मेरी आणि बाळ, ऊद अर्पण. ती सरळ ख्रिस्तजन्माची चित्रं आहेत, भाव गंभीर, वस्त्रं पूर्वेकडची. हे काम त्यांच्याकडे आलं त्याच वर्षाच्या जानेवारीत बीबीसीनं फ्रँकी गोज टू हॉलिवूड या लिव्हरपूलच्या बँडच्या एका गाण्यावर अश्लील म्हणून बंदी घातली होती, आणि त्या रेकॉर्डच्या वेष्टनावरचं चित्र गिल्बर्ट यांचंच होतं. जानेवारीत ते आणि नोव्हेंबरात पवित्र कुटुंब. चित्रकाराच्या पोटापाण्याचा धंदा असा असतो.

1985 साली रॉयल मेलनं पँटोमाइमची पात्रं छापली. नाताळच्या सुट्टीत ब्रिटिश कुटुंबं सहकुटुंब बघायला जातात तो हा आरडाओरड्याचा, गाण्यांचा, पुरुषानं म्हातारी व्हायचं आणि मुलीनं नायक व्हायचं असा नाट्यप्रकार. त्यात येशूचा संबंध नाही. पण रंगमंच हा नाताळचाच भाग आहे हे त्या संचानं मान्य करून टाकलं.

म्हणजे 84 ची गोष्ट आणि 85 चं स्टेज. नऊ वर्षांनी दोन्ही एकत्र आली आणि चित्रं पुन्हा गिल्बर्ट यांच्याकडेच गेली. हे ठरवून झालं की योगायोगानं, याबद्दल मी दावा करत नाही. तुलना मात्र आयती मिळते: तीच गोष्ट, तोच हात, दहा वर्षांचं अंतर. आधीच्या संचात मेरी आहे, नंतरच्या संचात मेरी झालेली कुणीतरी आहे.

शाळेचं नाटक म्हणजे नेमकं काय

ज्यांच्या पोरांनी इंग्लंडातल्या प्राथमिक शाळेत एक तरी डिसेंबर काढला आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. लीस्टरपासून स्लाऊपर्यंत कितीतरी मराठी घरांत त्या महिन्यात पोराच्या डोक्यावर कुठला टॉवेल बांधायचा याची चर्चा होते. इतरांसाठी थोडक्यात सांगतो.

चार-पाच वर्षांची मुलं पहिल्यांदा स्टेजवर उभी राहतात ती बहुधा याच नाटकात. कथा सगळ्यांना पाठ. मेरी आणि जोसेफ बेथलेहेमला येतात, धर्मशाळेत जागा नसते, गोठ्यात बाळ जन्मतं, देवदूत मेंढपाळांना सांगतात, तारा बघत तीन राजे येतात. कपडे घरचे. मेंढपाळाच्या डोक्याला भांडी पुसायचा टॉवेल आणि अंगात बाबांचा ड्रेसिंग गाऊन. देवदूताच्या डोक्याभोवती झाडावरची चमचमती झालर तारेत गुंडाळून. राजाचा मुकुट सोनेरी कागदाचा. ज्यांना बोलायचं काम नाही ती मेंढरं. उरलेले तारे. वर्गात तीस मुलं असतील तर तिसांनाही काहीतरी व्हायचंच असतं, त्यामुळे बेथलेहेमची लोकसंख्या दर वर्षी वाढते.

आणि मेरी कुणाला मिळणार, यावर वर्गात किती राजकारण होतं ते आपल्याकडच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांची भूमिका कुणाला, यावरून ओळखावं.

हे नाटक बायबलमध्ये या रूपात कुठेच नाही. मेंढपाळ आहेत ते लूकच्या शुभवर्तमानात, पूर्वेकडचे ज्ञानी आहेत ते मत्तयच्या. दोघे एकमेकांच्या गोष्टीत येत नाहीत. मत्तयनं ते ज्ञानी तीन होते असं लिहिलेलं नाही, राजे होते असंही नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन धरली गेली. गाढवाचा उल्लेख नाही. जागा नाही म्हणून सांगणारा धर्मशाळेचा मालक लूकमध्ये तोंड उघडत नाही, किंबहुना तो तिथे आहे असंही लिहिलेलं नाही. पण शाळेच्या नाटकात त्याच्याच वाट्याला एक पूर्ण वाक्य येतं, आणि चुणचुणीत मुलाला मेंढपाळापेक्षा ही भूमिका बरी वाटते. शतकानुशतकं लोकांनी दोन ग्रंथांतले प्रसंग एकत्र मळून ही कथा केली आहे. तिकिटांनी छापली ती ही लोकांची कथा. म्हणून पाच तिकिटांत राजे आणि मेंढपाळ बिनदिक्कत एकाच संचात नांदतात.

रिकामी गव्हाण ते 30 पेन्स

या संचातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 30 पेन्सचं तिकीट. मेरीच्या हातात बाळाच्या जागी बाहुली आहे, आणि ती बाहुली आहे हे लपवलेलं नाही. अधिकृत वर्णनातच तसं म्हटलं आहे. ज्या देशानं याच विषयावर दहा वर्षांपूर्वी खराखुरा येशू छापला होता त्यानं आता त्याच्या जागी खेळणं छापलं आणि त्यात कुणाला पाखंड दिसण्याचं कारण नव्हतं, याला मोठा इतिहास आहे.

1223 च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसनं गव्हाण मांडली. गवत आणलं, बैल आणला, गाढव आणलं, रात्री मशालींच्या उजेडात लोक जमले. बाळ ठेवलं नव्हतं. फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस, लिहितो की तिथल्या एका माणसाला गव्हाणीत निपचित पडलेलं बाळ दिसलं, आणि फ्रान्सिस जवळ गेल्यावर ते झोपेतून जागं झाल्यासारखं वाटलं. म्हणजे या परंपरेच्या सुरुवातीलाच बाळाची जागा रिकामी होती आणि ती बघणाऱ्यानं भरायची होती. गोव्यात आणि वसईत नाताळला घराघरांत, चौकाचौकांत जे गोठे मांडतात ते याच गव्हाणीचे वंशज.

इंग्लंडात मध्ययुगात ही गोष्ट रस्त्यावर आली. गावातल्या कारागिरांच्या संघांनी एकेक प्रसंग वाटून घ्यायचा आणि सणाला तो गाड्यांवर करायचा. कॉव्हेंट्रीत ख्रिस्तजन्माचा भाग लोकरी कापड कातरणाऱ्यांच्या आणि शिंप्यांच्या संघाकडे होता. त्यातल्या हेरोद राजासाठी एक रंगसूचना शिल्लक आहे: त्यानं गाडीवर थयथयाट करायचा आणि खाली रस्त्यावरही. प्रेक्षकांत घुसायची सोय तेव्हाच होती.

वेकफिल्डच्या नाटकाची तर बातच न्यारी. तिथल्या मेंढपाळांच्या एका नाटकात मॅक नावाचा भामटा मेंढरू चोरतो. झडती येणार हे दिसल्यावर त्याची बायको ते मेंढरू कापडात गुंडाळून पाळण्यात ठेवते आणि आपण बाळंत झालो म्हणून कण्हायला लागते. मेंढपाळ शोधून दमतात आणि निघून जातात. मग त्यातल्या एकाला वाटतं, बाळाला काही दिलं नाही हे बरं नव्हे. ते परत फिरतात, बाळाचा मुका घ्यायला कापड बाजूला करतात तर आत लांबोळकं तोंड! मॅकला चादरीत घालून उसळवलं जातं. दमून भागून मेंढपाळ झोपतात आणि तेव्हा देवदूत येतो, बेथलेहेमला चला म्हणतो. तिथे खऱ्या बाळाला ते देतात चेरीचा घोस, एक पाखरू आणि खेळायला टेनिसचा चेंडू.

पाळण्यातलं मेंढरू पाचशे वर्षांपूर्वी चालत होतं, मग बाहुली का चालणार नाही?

मध्ये मात्र मोठा खंड पडला. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर इंग्लंडात ही नाटकं संशयास्पद ठरली. कॉव्हेंट्रीत ती शेवटची झाली 1579 साली. गंमत म्हणजे त्याच 1579 च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (कॅथलिक येशूसंघाचा) पाद्री गोव्याला उतरला, आणि 1616 मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणात हीच बेथलेहेमची कथा मराठी ओव्यांत आली. मायदेशात जी गोष्ट रस्त्यावर करायची बंद झाली ती एका इंग्रजानं इथे कीर्तनाच्या अंगानं मांडली.

पुढे सार्वजनिक रंगभूमीवर लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याची परवानगी लागू लागली आणि ख्रिस्ताला स्टेजवर आणणं जवळजवळ अशक्य झालं. 1902 मध्ये लॉरेन्स हाउसमननं ख्रिस्तजन्मावर नाटक लिहिलं तर त्याला जाहीर प्रयोगाचा परवाना मिळाला नाही. ते खासगी प्रयोग म्हणून करावं लागलं. ही सेन्सॉरशिप उठली 1968 साली. या सगळ्या काळात ख्रिस्तजन्माचं नाटक तगलं ते चर्चच्या हॉलमध्ये आणि शाळांत. तिथे ते लहान मुलांकडे गेलं आणि मुलांनी केलेल्या गोष्टीला कुणी सेन्सॉर लावत नाही.

शाळेतला धर्म, त्या वर्षीचा

1994 हे वर्ष शाळा आणि धर्म या विषयासाठी इंग्लंडात शांत नव्हतं. 1944 च्या शिक्षण कायद्यानं सरकारी शाळांत रोज सामूहिक प्रार्थना सक्तीची केली होती. 1988 च्या कायद्यानं ती प्रामुख्यानं ख्रिस्ती स्वरूपाची असावी असं म्हटलं, आणि आपल्या पाल्याला त्यातून काढून घेण्याचा पालकांचा हक्क कायम ठेवला. याच 1994 च्या जानेवारीत शिक्षण खात्यानं धार्मिक शिक्षण आणि सामूहिक प्रार्थना यांवर परिपत्रक काढलं. वर्गात शीख, मुसलमान, हिंदू आणि काहीच न मानणाऱ्या घरची मुलं एकत्र बसलेली, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ‘प्रामुख्यानं ख्रिस्ती’ हे शब्द.

प्रार्थनेबद्दल वाद होतात. नाटकाबद्दल सहसा कमी होतात. कारण प्रार्थनेत मूल स्वतःच्या तोंडानं काहीतरी कबूल करत असतं, नाटकात ते दुसऱ्याचं बोलत असतं. शीख घरातला मुलगा जोसेफ झाला म्हणून कुणी त्याला ख्रिस्ती झाला म्हणत नाही. तो त्या दिवशी जोसेफ होता, एवढंच. या फरकाचा फायदा शाळांनी वर्षानुवर्षं घेतला होता. तिकिटांनी तो उचलला.

मला या प्रकरणातलं मर्म इथे दिसतं. 1984 चं तिकीट म्हणतं, हे असं घडलं. 1994 चं तिकीट म्हणतं, आमच्याकडे हे असं करतात. पहिल्या विधानाशी असहमत होता येतं. दुसऱ्याशी असहमत व्हायला जागाच नाही, कारण करतातच. श्रद्धाळू माणसाला त्यात येशूजन्म मिळतो, नास्तिकाला पोराचा टॉवेल बांधलेला फोटो आठवतो.

व्यवहाराची बाजू

कुठलं चित्र कुठल्या किमतीला द्यायचं हे टपालखात्यात हलक्यात घेत नाहीत. 19 पेन्स हा तेव्हाचा सेकंड क्लासचा, म्हणजे स्वस्त पण सावकाश जाणाऱ्या टपालाचा दर, 25 हा लवकर जाणाऱ्या फर्स्ट क्लासचा, आणि वरच्या किमती मुख्यतः परदेशच्या टपालासाठी. नाताळची कार्डं लोक गठ्ठ्यानं टाकतात आणि गठ्ठ्यानं टाकताना सेकंड क्लास लावतात. म्हणजे 19 पेन्सचं चित्र हेच बहुतेकांच्या दारात पोचणार. तिथे मेरी आणि जोसेफ ठेवले, 1984 मध्ये 13 पेन्सवर पवित्र कुटुंब ठेवलं होतं तसेच. 25 ला राजे. काउंटरवर 19 च्या वीस तिकिटांची पुस्तिका 3.80 पौंडांना आणि 25 च्या दहांची 2.50 पौंडांना मिळायची. बाहुलीचं तिकीट या पुस्तिकांत नव्हतं. थेट बाळाऐवजी बाहुली दाखवणारं सगळ्यात धीट चित्र घरोघर न जाता परदेशच्या पत्रांवर गेलं. हा मुद्दाम घेतलेला सावधपणा असेल किंवा नसेल, पण परिणाम तोच झाला.

तिकीट उजेडात तिरकं धरलं तर आणखी एक गोष्ट दिसते. 19 पेन्सवर मधोमध फॉस्फर या यंत्राला ओळखता येणाऱ्या द्रव्याचा एकच पट्टा आहे, बाकीच्यांवर दोन. छाननीचं यंत्र एवढ्यावरून सेकंड क्लास बाजूला काढतं. मेरी-जोसेफ मागे राहतात, राजे पुढे जातात.

दुसरी व्यवहाराची गोष्ट अशी, की राजघराणं सोडून कुठलीही जिवंत व्यक्ती तिकिटावर ओळखू येईल अशी छापायची नाही, हा संकेत तेव्हा पाळला जात असे. तो मोडल्यावर किती बोंब होते ते 1999 मध्ये दिसलं. क्वीन बँडचा दिवंगत गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या तिकिटात मागे ड्रमवर बसलेला त्याच बँडचा रॉजर टेलर दिसत होता, आणि टेलर जिवंत होता. शाळेच्या नाटकाचा खरा फोटो छापला असता तर हा प्रश्न पाच वेळा उभा राहिला असता, शिवाय कुणाच्या शाळेचा, कुणाच्या मुलीचा, हेही. फोटोऐवजी हातानं चित्र काढल्यानं मुलं कुणाचीच राहिली नाहीत आणि सगळ्यांची झाली. खऱ्या शाळांत पुढे पालकांनी फोटो काढावेत की नाही यावरूनही गोंधळ उडाला. डेटा संरक्षण कायद्याचं नाव सांगून बंदी घातली जाऊ लागली, तेव्हा माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला सांगावं लागलं की घरच्या अल्बमसाठी आईबापांनी फोटो काढायला हा कायदा आडवा येत नाही.

तोड नसली की काय होतं

अकरा वर्षांनी रॉयल मेलनं वेगळी वाट धरली आणि तिथे मुंबईचा संबंध आला. 2005 च्या संचाची कल्पना होती जगभरच्या संस्कृतींनी रंगवलेली माता आणि बाळ. 68 पेन्सच्या तिकिटासाठी निवडलं ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं सतराव्या शतकातलं मुघल धाटणीचं चित्र. अकबराच्या दरबारात 1580 मध्ये गोव्याहून जेझुइट गेले, सोबत ख्रिस्ती चित्रं नेली, आणि तिथले चितारी तो विषय आपल्या पद्धतीनं रंगवू लागले. त्या परंपरेतलं हे काम. चित्रातल्या पुरुषाच्या कपाळी वैष्णव टिळा, बाईच्या कपाळी कुंकू आणि मध्ये बाळ येशू.

कलेच्या इतिहासात हे चित्र सुरेख आहे. तिकिटावर आल्यावर त्याचा अर्थ बदलला. हिंदू फोरम ऑफ ब्रिटननं आक्षेप घेतला की हिंदू चिन्हं ल्यालेली माणसं ख्रिस्ताची पूजा करताना दाखवणं हे धर्मांतराची जाहिरात केल्यासारखं आहे. रॉयल मेलनं दिलगिरी व्यक्त केली आणि कुणी मागितल्याशिवाय हे तिकीट पुढे करू नये असं काउंटरना कळवलं. त्या वेळी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ही बातमी आली होती.

मला तो आक्षेप पूर्णपणे पटत नाही. मुघल चिताऱ्याला लंडनच्या एका गटाच्या भावनांसाठी मागाहून जबाबदार धरण्यात अर्थ नाही. पण तो का उठला हे कळतं. 68 पेन्सच्या तिकिटात कुणी कुणाचं सोंग घेतलेलं नव्हतं. टिळा लावलेला माणूस तिथे खराच भक्त होता. 1994 च्या संचात टिळा लावलेल्या घरचं पोर राजा झालं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

2007 पासून रॉयल मेलनं प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. विषय कुठलाही असो, ज्यांना धार्मिक तिकीट हवं त्यांच्यासाठी माता आणि बाळाचं चित्र असलेली तिकिटंही ठेवायची. म्हणजे काउंटरवर दोन रांगा. ग्राहकाला निवड मिळते, त्यामुळे तक्रारी घटतात हे खरं. पण मग एकाच चित्रात दोघांना सामावून घ्यायची गरज उरत नाही आणि चित्रकाराला डोकं चालवायची वेळ येत नाही.

जिथे संच कमी पडतो

एक गोष्ट या संचाला जमली नाही. गिल्बर्ट यांची रेघ फार मऊ, फार नेटकी. शाळेच्या नाटकात जो गबाळेपणा असतो, मुकुट नाकावर येतो, मेंढपाळ प्रेक्षकांतल्या आजीला हात करतो, एखादा देवदूत मुसमुसून रडत स्टेजवरून उतरतो, तो इथे धुऊन निघाला आहे. 1993 ला ज्यानं डिकन्सची पात्रं काढली त्या ब्लेकची ओबडधोबड रेघ या विषयाला जास्त शोभली असती, असं मला वाटतं. पण मग चर्चवाल्यांना ती चेष्टा वाटली असती. गिल्बर्ट यांच्याकडे 1984 ची पुण्याई होती, त्यांच्या हातून आलेली बाहुली कुणी थट्टा म्हणून वाचली नसती. खात्याच्या दृष्टीनं निवड बरोबर होती. माझी तक्रार बघणाऱ्याची आहे.

आता ही तिकिटं वापरता येतात का, असं काही जण विचारतात. येतात. 2023 मध्ये ब्रिटननं बारकोड नसलेली रोजच्या वापराची तिकिटं बाद केली, पण चित्रांची खास तिकिटं आणि नाताळची तिकिटं यांना त्यातून सूट दिली. 1994 चा संच छापील किमतीला आजही चालतो. दरात फरक एवढा पडला आहे की संग्राहकांचे जुने साठे किमतीपेक्षा स्वस्तात विकले जातात आणि काटकसरी लोक ते पाकिटांवर ओळीनं चिकटवतात. एप्रिल 2025 मध्ये सेकंड क्लासचा दर 87 पेन्स झाला. त्या दराला 19 ची तीन आणि 30 चं एक लावलं की बरोबर 87 भरत, म्हणजे एका साध्या पत्राला तीन मेरी, तीन जोसेफ आणि बाहुली घेतलेली चौथी मेरी. पत्ता लिहायला मात्र बारीक अक्षर काढावं लागे.